डाव्या बरगडीत शिंग घुसलंय, सीटी स्कॅन साफ आहे. तरी पोटात दुर्बीण घालायची का?

कृष्णाकाठ (सर्जन, सांगली): शर्यतीच्या बैलानं भोसकलेला, डाव्या स्तनाग्राखाली जखम, बीपी-नाडी ठीक, पोट मऊ, सीटी साफ. अशाला दुसऱ्या दिवशी सरळ घरी सोडतात. मला हे पटत नाही. पूर्ण श्वास सोडला की श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा) पुढच्या बाजूनं चौथ्या बरगडीच्या फटीपर्यंत वर येतं. छातीची म्हणून बघितलेली जखम आरपार पोटात गेलेली असू शकते, आणि लहान भोक सीटीत सुटतं. घरी सोडण्याआधी दुर्बिणीतून बघाच.

भूलवाला (भूलतज्ज्ञ, कराड): सरसकट सगळ्यांना भूल? भोक नाहीच निघालं तर खर्च कुणाच्या माथी? शिवाय पटल खरंच फाटलेलं असलं तर दुर्बिणीसाठी पोटात भरलेला गॅस छातीत शिरतो. टेबलावर टेन्शन न्यूमोथोरॅक्स (छातीत कोंडलेल्या हवेनं फुप्फुस आणि हृदय दाबलं जाणं) झाला की निस्तरायचं मलाच असतं. पेशंट दाखल ठेवा, पुन्हापुन्हा तपासा, एक्स-रे परत काढा.

कृष्णाकाठ: उजवीकडे लिव्हर आड येतं, तिथं थांबायला माझी हरकत नाही. डावीकडचं भोक मात्र आपसूक भरत नाही. श्वास घेताना छातीतला दाब उतरतो, पोटातला चढतो आणि जठर, आतडं हळूहळू वर ओढलं जातं. पहिल्या दिवशी एक्स-रे बऱ्याचदा नॉर्मल असतो! तेव्हा न विरघळणाऱ्या धाग्याचे चार टाके पुरतात. वर्षांनी आतडं अडकून काळं पडलं की काय करायचं?

जतकर: मी डॉक्टर नाही. मेव्हणा उसाच्या ट्रॉलीखाली सापडला होता. बरगड्या जुळल्या, विषय संपला. पुढं कित्येक वर्षांनी जेवलं की धाप आणि उलटी. एका दवाखान्यात 'छातीत पाणी आहे' म्हणून नळी घालायची तयारी झालेली. तिथल्याच एका मोठ्या डॉक्टरांनी आधी नाकातून जठरात जाणारी नळी, रायल्स ट्यूब, सोडून एक्स-रे काढायला लावला. ट्यूबचं टोक छातीत गुंडाळलेलं! जठरच वर गेलेलं. बरगडीतून नळी घातली असती तर तेच फुटलं असतं.

भूलवाला: तो मुका मार. त्यात पटल लांबलचक फाटतं, शिंगाच्या भोकाशी त्याची गल्लत नको. रायल्स ट्यूबचं मात्र शंभर टक्के बरोबर.

कृष्णाकाठ: गल्लत नाही, शेवट एकच. परत तपासायला येतो कोण? टाके सुकले की गडी पुन्हा शर्यतीला.

भूलवाला: बरं, चोवीस तास थांबून मग दुर्बीण, आयसीडीचा (छातीत घालायच्या नळीचा) ट्रे शेजारी मांडून. पण खर्चाचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.