एरो इंडिया भरतो तेव्हा येलहंक्यात काय होतं? (अनुभव धागा)

बंगळूरमधल्या येलहंक्याच्या हवाई दल तळावर १९९६ पासून साधारण दर दोन वर्षांनी एरो इंडिया हा विमानांचा मोठा शो भरतो. विमानांचे फोटो सगळीकडे दिसतात. तळाच्या आसपास राहणाऱ्या, पोट भरणाऱ्या मराठी मंडळींनी त्या दिवसांबद्दल लिहावं म्हणून हा धागा. कौतुक लिहा, त्रासही लिहा.

गच्चीवरून
सराव सुरू झाला की आमच्याकडे मांडणीवरची ताटं थरथरायला लागतात. तेजस लढाऊ विमान सरळ वर चढतं तेव्हा पोटात गोळा येतो, पण नजर हटत नाही. सासूबाई कानात कापूस घालून वर येतात. हवाई दलाच्या सारंग या कसरती करणाऱ्या पथकाची हेलिकॉप्टरं त्यांची लाडकी. तिकीट काढायची गरजच नाही, अख्खी गल्ली गच्चीवर असते.

चिकनचं दुकान
२०२५ चा शो १० ते १४ फेब्रुवारी. मांसविक्री बंद २३ जानेवारी ते १७ फेब्रुवारी, तळापासून १३ किलोमीटरच्या आत. हॉटेलांतलं सामिषही बंद. कारण मला शंभर टक्के मान्य आहे: उघड्यावर पडलेल्या आतड्या-पिसांवर घारी जमतात, आणि घार विमानावर आदळली तर वैमानिकाच्या जिवावर बेतेल. पण भाडं थांबत नाही. कापणाऱ्या पोराला गावी पाठवलं, तो परत येईपर्यंत गिऱ्हाईक दुसरीकडे वळलं. वर्षभर कचरा वेळच्या वेळी उचलला तर एवढी लांब बंदी लागेल का, एवढंच विचारायचंय.

२०१९ विसरता येत नाही
१९ फेब्रुवारीला, शोच्या आदल्या दिवशी, सरावात हवाई दलाच्या सूर्यकिरण या कसरती करणाऱ्या पथकाची दोन विमानं हवेत एकमेकांवर आदळली. विंग कमांडर साहिल गांधी गेले. बाकीचे दोघे वैमानिक पॅराशूटने वाचले. अवशेष वस्तीजवळ पडले. धुराचा लोट पाहून आम्ही बायका आधी शाळेकडे पळालो. तोवर विमान म्हणजे टाळ्या वाजवायची गोष्ट होती. चारच दिवसांनी पार्किंगमधल्या वाळक्या गवताला आग लागून सुमारे तीनशे गाड्या जळाल्या. जीवितहानी झाली नाही, हे नशीब. माझ्या शेजाऱ्यांची हप्ते न फिटलेली गाडी त्यात गेली. विम्यासाठी किती खेटे घातले ते त्यांनाच माहीत.

हेब्बाळहून रोज जाणारा
बळ्ळारी रोड तुंबतो आणि प्रात्यक्षिकांच्या वेळी बंगळूरच्या मोठ्या विमानतळाची उड्डाणंही थांबवतात. पुण्याची फ्लाइट असेल तर वेळ आधी तपासा आणि घरून लवकर निघा.

रात्रपाळीची नर्स
दिवसा झोप लागतच नाही. सरावाच्या वेळा आदल्या दिवशी कन्नडमध्ये, सोसायटीच्या फलकावर लावल्या तरी पुष्कळ सोय होईल. तान्ही बाळं आणि आजारी माणसं घरोघरी असतात.

धागाकर्ती
वेळांच्या फलकाचं आमच्या सोसायटीत या वेळी मी बघते. चिकनवाल्या दादांसारखे आणखी कोणी दुकानदार, हॉटेलवाले असतील तर जरूर लिहा. बंदीच्या दिवसांत कामगारांना कसं सांभाळलंत, तेही सांगा.