कर्नलमध्ये रस्ट घेतली, ते बरोबर झालं का?

धागा
लिनक्स कर्नल, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, १९९१ पासून सी भाषेत आहे. डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीत मेमरीच्या चुका कंपाइल करतानाच अडवणारी रस्ट भाषा आली, तीही प्रयोग म्हणून. डिसेंबर २०२५ मध्ये टोकियोला मेंटेनर, म्हणजे कर्नलचे वेगवेगळे भाग सांभाळणारे, जमले आणि 'प्रयोग' हा शिक्का काढायचं ठरलं. माझ्या मते योग्य झालं.

मी ड्रायव्हर लिहितो, म्हणजे हार्डवेअर चालवणारा कोड. गेल्या पावसाळ्यात एका बगने माझे अकरा दिवस खाल्ले. केबल उपटली की आमचा कोड बफर (मेमरीचा तुकडा) मोकळा करायचा, आणि वर्कक्यूत (नंतर करायच्या कामांच्या रांगेत) अडकलेलं एक काम नंतर त्याच पत्त्यावर लिहायचं. चाळीस-पन्नास वेळा केबल उपटली की एकदा मशीन पडायचं. शेवटी कासान, म्हणजे कर्नलमधल्या मेमरीच्या चुका पकडणारं साधन, लावल्यावर सापडलं. दुरुस्ती एका ओळीची: 'केफ्री'च्या (बफर सोडण्याच्या) आधी 'कॅन्सल_वर्क_सिंक' (रांगेतलं काम रद्द करणं, चालू असेल तर संपेपर्यंत थांबणं). रस्टमध्ये बफरची मालकी त्या कामाकडेही असती, आणि काम संपेपर्यंत बफर सुटलाच नसता. ती ओळ लक्षात ठेवायची जबाबदारी माझ्यावर राहिलीच नसती.

प्रतिसाद १
बग खरा आहे, पण रस्ट चांगली की वाईट हा वादच नाही. तो कोड पाच वर्षांनी कोण सांभाळणार?

आमच्या कंपनीत जुन्या जावा कोडमध्ये एका हुशार मुलाने स्काला भाषेत दोन मॉड्यूल लिहिली. सुरेख लिहिली होती. दीड वर्षाने तो गेला. त्यानंतर त्या फायलींचं काम निघालं की जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचा. अखेर चार महिने घालवून सगळं परत जावात आणलं. भाषा आणणारा जातो, भाषा राहते.

↳ धागालेखक
म्हणूनच तर जबाबदारी आधी ठरवावी लागते. फेब्रुवारी २०२५ चा डीएमएचा (उपकरणांनी थेट मेमरी वापरण्याच्या कोडचा) वाद आठवा. त्या सी कोडवरचं रस्टचं आवरण वेगळ्या फोल्डरमध्ये होतं आणि ते आम्ही सांभाळू, असं रस्टवाले सांगत होते. तरी मेंटेनर क्रिस्टोफ हेलविग यांनी नकार दिला. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी स्पष्ट केलं: रस्टकडे बघायची सक्ती तुमच्यावर नाही, पण तुमचा इंटरफेस कोणी वापरायचा हे तुम्ही ठरवू शकत नाही.

↳ प्रतिसाद १
आणि हेलविग यांनी डीएमएचं मेंटेनरपद सोडलं. त्याआधी २०२४ मध्ये रस्टच्या बाजूचे वेडसन अल्मेडा फिल्हो वैतागून गेले होते. दोन्हीकडची जाणती माणसं गेली. ही किंमत तुमच्या हिशोबात कुठेच दिसत नाही.

प्रतिसाद २
तिसरी किंमत मशीनची. फेब्रुवारी २०२१ मध्ये पायथनच्या 'क्रिप्टोग्राफी' लायब्ररीत रस्ट आली आणि अल्पाइन लिनक्सवर कित्येकांचे बिल्ड एका रात्रीत मोडले. ज्यांनी जन्मात रस्ट लिहिली नाही, ते सकाळी रस्टचा कंपायलर शोधत बसले. सीचा कंपायलर जीसीसी चालतो त्या प्रत्येक जुन्या प्रोसेसरवर रस्ट चालत नाही. कर्नलमध्ये ती निदान ऐच्छिक आहे.

प्रतिसाद ३
अँड्रॉइडचे आकडे बघा. मेमरीच्या चुकांमुळे झालेल्या सुरक्षा-त्रुटींचा वाटा २०१९ मध्ये ७६ टक्के होता, २०२४ मध्ये २४. जुना कोड पुन्हा लिहीत बसले नाहीत. नवा कोड तेवढा सुरक्षित भाषांकडे वळवला. बग नव्या कोडमध्येच जास्त असतात, जुना वापरून वापरून घोटलेला असतो. म्हणून 'सगळं बदलायचं का' हा प्रश्नच सोडा, 'पुढचं मॉड्यूल कशात' एवढंच विचारा.

↳ प्रतिसाद १
हे पटतं. तरी डिसेंबर २०२५ मध्ये कर्नलच्या रस्ट कोडमधली पहिली सीव्हीई (अधिकृत नोंद झालेली सुरक्षा-त्रुटी) निघालीच, अँड्रॉइडच्या बाइंडर ड्रायव्हरमध्ये.

↳ प्रतिसाद ३
निघाली, आणि चूक 'अनसेफ' कोडशी, म्हणजे कंपायलरची काही तपासणी बाजूला ठेवून तसा शिक्का मारलेल्या कोडशी, जोडलेली होती. कुठे बघायचं ते आधीच लिहिलेलं होतं. धागालेखकांचे अकरा दिवस त्या बघण्यातच गेले ना?

↳ प्रतिसाद १
मान्य. सोमवारी आमच्याकडे असाच प्रस्ताव येतोय, एका पार्सरसाठी रस्ट. मी एकच अट घालणार आहे: लिहिणारा सोडून आणखी दोघांनी आधी त्यातला एकेक बग स्वतः दुरुस्त करून दाखवायचा. दोघं मिळाले तर माझा होकार.