मदत हवी आहे : विहिरीतले पाणी पावसाचे की कालव्याचे, हे समस्थानिकांवरून कसे ठरवावे?

सप्रेम नमस्कार. कवठेमहांकाळ तालुक्यातील आमच्या विहिरीची खालची पायरी पूर्वी एप्रिलमध्ये कोरडी पडत असे. आता कृष्णेचे पाणी उपसून आणणाऱ्या म्हैसाळ योजनेचा कालवा सुरू झाला की आठवड्याभरात पश्चिमेकडील मुरमाच्या थरातून पाझर फुटतो. हे कृष्णेचे पाणी आहे की आमच्याच माळावर मुरलेल्या पावसाचे, हे मला ऑक्सिजन-१८ आणि ड्युटेरियम (जड हायड्रोजन) या स्थिर समस्थानिकांच्या, म्हणजे त्याच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या व आपोआप न विघटणाऱ्या अणूंच्या, प्रमाणावरून तपासायचे आहे.

बाष्पीभवनात हलके रेणू अधिक सहज उडून जातात, त्यामुळे साठलेल्या पाण्यात जड समस्थानिकांचे प्रमाण वाढते आणि आलेखावर त्याचे बिंदू भूरसायनशास्त्रज्ञ हार्मन क्रेग यांनी १९६१ साली मांडलेल्या पर्जन्यरेषेच्या (पावसाच्या पाण्यातील या दोन समस्थानिकांचे नाते दाखवणाऱ्या रेषेच्या) खाली, कमी उताराच्या रेषेवर पडतात, एवढे मला समजते. माझी खरी अडचण पुढे आहे. कोयना-धोमसारख्या धरणांत साठून आलेले पाणी आणि गावच्या पाझर तलावात उन्हाळाभर तापलेले पाणी, या दोन्हींवर बाष्पीभवनाची खूण असणारच. मग ती वेगळी कशी ओळखावी? सोबत क्लोराइड आणि विद्युतवाहकता (विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारे माप) मोजल्यास उलगडा होईल का?

नमुन्याची बाटली काठोकाठ भरून, आत बुडबुडा न ठेवता घट्ट बंद करायची, हे ठाऊक आहे. मात्र कालवा सुटण्यापूर्वी व नंतर किती दिवसांच्या अंतराने नमुने घ्यावेत, आणि एकट्या शेतकऱ्याचे नमुने कोणती प्रयोगशाळा स्वीकारते, हे अनुभवी मंडळींनी कृपया कळवावे.