मास कम्युनिकेशनसाठी साडेसात लाखांचं कर्ज: हिशेब बसतो का?

नाशिककर_काका
पुतणीची बारावी आर्ट्समधून झाली. पुण्याच्या एका खासगी विद्यापीठात बी.ए. मास कम्युनिकेशनला प्रवेश मिळतोय. फी वर्षाला अडीच लाख, म्हणजे तीन वर्षांची साडेसात, आणि सगळी कर्जातून भरायची. बँक १०.५ टक्के म्हणतेय, दर फ्लोटिंग, म्हणजे पुढे बदलू शकणारा. विद्यापीठ ‘सरासरी पॅकेज ४.८ लाख’ सांगतं. दुसरा पर्याय नाशिकमध्येच अनुदानित कॉलेजात साधं बी.ए. भावाचं उत्पन्न वर्षाला साधारण साडेपाच लाख. हप्ता किती बसेल, आणि सुरुवातीच्या पगारात झेपेल का?

व्याजाचा_धनी
आधी एक दुरुस्ती. ‘सगळी कर्जातून’ होत नाही. चार लाखांच्या वर गेलं की देशातल्या शिक्षणासाठी ५ टक्के मार्जिन स्वतःचं लागतं, म्हणजे इथे ३७,५०० रुपये. शिवाय साडेसात लाख हा काठावरचा आकडा आहे. तिथपर्यंत सरकारी हमी योजनेत तारण लागत नाही. होस्टेल आणि लॅपटॉप कर्जात घातले की आकडा वर जातो आणि बँक घराची कागदपत्रं मागते.

आता हप्ता. सोपं पडावं म्हणून पूर्ण साडेसात धरतो. व्याज नोकरी लागल्यावर नाही, बँकेने पहिली फी भरली त्या दिवसापासून सुरू होतं. कोर्सची तीन वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण सरळव्याज साठत राहतं. पहिल्या अडीच लाखांवर चार वर्षांचं, दुसऱ्यावर तीन, तिसऱ्यावर दोन. मिळून २ लाख ३६ हजार. म्हणजे पहिला हप्ता येईल तेव्हा डोक्यावर साडेसात नाही, ९ लाख ८६ हजार.

त्यावर ७ वर्षांची मुदत घेतली तर हप्ता साधारण १६,६३० रुपये, १० वर्षांची घेतली तर १३,३१०, आणि १५ वर्षांची घेतली तर १०,९००. पंधरावाला हप्ता हलका वाटतो, पण एकूण १९ लाख ६० हजारांच्या वर भरले जातात.

भाऊ शिकतानाच व्याज भरू शकत असेल तर चित्र बदलतं: पहिल्या वर्षी महिना सुमारे २,१९०, दुसऱ्या वर्षी ४,३७५, नंतरची दोन वर्षं ६,५६५. मग मुद्दल साडेसातच राहतं आणि ७ वर्षांचा हप्ता १२,६५० वर येतो. असं व्याज भरणाऱ्यांना काही बँका त्या काळात दरात १ टक्का सूट देतात. मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही.

डेस्कवरचा
हप्त्याचं झालं, आता ४.८ लाखांकडे बघा. तो सीटीसी आहे, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च, हातात पडणारा पगार नव्हे. महिना ४० हजार. त्यात चार हजार व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा भाग) असेल तर ते वर्षाअखेर, मिळाले तर. मूळ वेतन २० हजार धरलं तर दोन्ही बाजूंचा पीएफ ४,८०० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद ९६० यातूनच जाते. व्यवसाय कर वजा जाता हातात ३० हजार. पुण्या-मुंबईत कॉट बेसिस आणि मेस भागवून त्यातून १६,६३० काढून दाखवा!

आणि ही झाली सरासरी. वर्गातले चार-पाच जण मोठ्या पीआर (जनसंपर्क) एजन्सीत किंवा कंपनीच्या ब्रँड टीममध्ये लागले की ती वर सरकते. विद्यापीठाला मीडियन विचारा, म्हणजे पगार क्रमाने लावले की बरोबर मधला. बॅचमध्ये किती होते, प्लेसमेंटला किती बसले, किती लागले आणि त्यातल्या किती नोकऱ्या सेल्सच्या, हे लेखी मागा. मराठी डिजिटल डेस्क किंवा वाहिनीच्या असाइनमेंटला १८-२२ हजारांवर सुरुवात आजही नेहमीची आहे. बऱ्याच ठिकाणी तीही पगार म्हणून नाही, रिटेनर (कंत्राटी मानधन) म्हणून: पीएफ नाही आणि १० टक्के टीडीएस कापतात. तो विवरणपत्र भरून परत मिळतो, पण हप्ता महिन्याला द्यायचा असतो.

हप्ता हातातल्या पगाराच्या चौथ्या हिश्शाच्या आत हवा, असं मी धरतो. २२ हजारांवर तो साडेपाच हजार होतो. सात वर्षांच्या मुदतीत तेवढ्यात सव्वातीन लाखांच्या आसपासचं कर्ज फिटतं, तेही साठलेलं व्याज धरून.

नाशिककर_काका
मुलींना फी माफ झाली ना? आणि व्याजाला अनुदान?

व्याजाचा_धनी
२०२४-२५ पासूनची ती सवलत ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना, आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर, आणि शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला तर आहे. खासगी विद्यापीठ त्यात येत नाही. केंद्राच्या जुन्या व्याज अनुदानाची मर्यादा साडेचार लाख, तिथे भाऊ बसत नाही. केंद्राच्याच पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न चालतं: दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होईपर्यंतच्या काळात ३ टक्के व्याजसवलत. पण संस्था त्यांच्या यादीत हवी. प्रवेशाचे पैसे भरण्याआधी पोर्टलवर नाव शोधा. आणि शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरच्या करसवलतीवर भुलू नका. ती फक्त जुन्या करप्रणालीत आहे, आणि २२ हजार पगारावर मुळात करच बसत नाही.

पीआरवाली
डेस्कवरचा यांच्याशी अर्धीच सहमत. कॉर्पोरेट कम्युनिकेशनमध्ये कॅम्पसचं नाव आणि तिथून मिळणारी इंटर्नशिप पहिली नोकरी ठरवते, आणि दोन-तीन वर्षांत पगार वाढतोही. पण त्यासाठी इंग्रजी लेखन पक्कं लागतं. मुलीला बातमीदारीच करायची असेल तर एवढं महाग बी.ए. कशाला? या क्षेत्रात वकिलीसारखी सनद लागत नाही. नाशिकला अनुदानित बी.ए. (राज्यशास्त्र किंवा अर्थशास्त्र) करू द्या, सोबत एडिटिंग आणि स्थानिक दैनिकात काम. मग पत्रकारितेसाठी पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट किंवा मराठी पत्रकारितेसाठी आयआयएमसीचं (भारतीय जनसंचार संस्थेचं) अमरावती केंद्र. कर्ज लागलंच तर तेव्हा, वर्ष-दोन वर्षांपुरतं.

तरी पुण्यालाच जायचं ठरलं तर मंजुरीपत्रात दोन गोष्टी तपासा. दरवर्षी फीवाढ किती टक्के, कारण मंजूर रक्कम सहसा पहिल्या वर्षाच्या फी-पत्रकावर ठरते आणि तिसऱ्या वर्षी कमी पडते. दुसरं, कर्जासोबत चिकटवलेला एकरकमी विमा. त्या विम्याचा हप्ता कर्जातच मिसळतात आणि त्यावरही व्याज लागतं. नको असेल तर सही करण्याआधी काढून टाकायला सांगा. हवाच असेल तर साधा टर्म विमा वेगळा घेऊन दर ताडून बघा.