वायफायने डीएनए तुटतो का? काकू रोज रात्री राऊटर बंद करते

वाडीवाला_गुहागर:
नमस्कार मंडळी. आमचं घर गुहागरकडे, सुपारीच्या बागेत. मी गेल्या वर्षीपासून घरूनच काम करतो, यूएसची शिफ्ट आहे, रात्री साडेनऊला कॉल. आता काकूला कोणीतरी व्हॉट्सॲपवर ऑडिओ पाठवलाय की वायफायच्या लहरींनी पेशीतला डीएनए तुटतो आणि पोटातल्या बाळाला तर जास्तच त्रास. वहिनीला सातवा महिना चालू आहे आणि राऊटर माजघरात, बरोबर तिच्या कॉटच्या वर भिंतीला. झालं! काकू मनात येईल तेव्हा स्विच बंद करते. परवा क्लायंटसमोर माझं अर्धं वाक्य हवेत राहिलं, उठून बघतो तर काकू राऊटरखाली बसून अडकित्त्याने सुपारी कातरतेय, मला म्हणते तुझ्या नोकरीपेक्षा बाळ मोठं. यावर काय बोलणार? पण खरं सांगायचं तर आता मलाही धाकधूक व्हायला लागलीय. खरंच तुटतो का डीएनए? शिवाय वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, मोबाईलचा टॉवर येतोय, विरोधाच्या कागदावर सह्या चालल्यात, मी अजून केली नाही.

मास्तर_चिपळूण:
मी फिजिक्स शिकवायचो, म्हणून थोडं लांबण लावतो. झाडावरची कैरी पाडायचीय असं समजा. दगड मारलात तर देठ तुटेल. पण भाताचं तूस मूठमूठ दिवसभर फेकलंत तर कैरी हलणारसुद्धा नाही, कारण प्रत्येक कण एकेकटा देठावर आपटतो आणि एकातही तेवढा दम नसतो. प्रकाशाचं तसंच आहे, तोही कणाकणाने येतो (त्या कणाला फोटॉन म्हणतात), आणि वायफाय, एक्स-रे सगळे त्याच जातीचे. आइनस्टाइनने 1905 मध्ये हेच मांडलं आणि नोबेल त्याच कामाला मिळालं. डीएनए असा थेट तोडायचा तर अणूतून इलेक्ट्रॉन उडवायला हवा, त्याला साधारण 10 इलेक्ट्रॉन व्होल्ट (हे ऊर्जेचं माप) लागतात. एक्स-रे, गॅमा किरण यांच्याकडे त्याच्या कितीतरी पट असतात. वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या एका फोटॉनकडे किती, तर 0.00001. दहा लाखपट कमी! तुमच्या अंगातली 37 अंशाची ऊबच रेणूंना याच्यापेक्षा हजारो पट जोराने हलवत असते. जोरदार मायक्रोवेव्हने पेशी तापतात हे खरं, ओव्हन त्यावरच चालतो, आणि मोबाईलच्या मर्यादा ह्या तापण्यावरच बेतलेल्या आहेत. पण राऊटर म्हणजे 0.1 वॉटच्या आसपास, तेही चार हात लांब.
आणि काकू खळ्यात भर दुपारी सुपारी वाळत घालतात ना, त्या उन्हातला अल्ट्राव्हायोलेट मात्र डीएनएमधले शेजारशेजारचे थायमिन (डीएनएच्या साखळीतला एक घटक) थेट चिकटवून टाकतो. पेशी ते बरंचसं दुरुस्तही करतात, रोजचंच काम आहे त्यांचं.

टिटवी_77:
मास्तर, गणित बरोबर आहे हो, पण उंदरांनी तुमचं गणित वाचलेलं नव्हतं :) लाय आणि सिंग या संशोधकांनी 1995 मध्ये उंदरांच्या मेंदूत डीएनएचे तुकडे दाखवले होते, तेही 2.45 गिगाहर्ट्झवर. 2018 मध्ये अमेरिकेच्या सरकारी एनटीपी (राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रम) अभ्यासात नर उंदरांच्या हृदयात गाठी आल्या, आणि काही उंदरांच्या मेंदूच्या पेशींत डीएनएचं नुकसानही दिसलं. डब्ल्यूएचओच्या कर्करोग संस्थेने 2011 मध्ये या लहरी 2बी गटात टाकल्या, म्हणजे कॅन्सर होण्याची शक्यता आहे असं. सगळे शास्त्रज्ञ उगाच बोंबलतात का?

मास्तर_चिपळूण:
उगाच नाही, प्रश्न रास्तच आहे. पण पुढचंही सांगा की. 1998 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या शास्त्रज्ञांनी लाय-सिंग यांचा तोच प्रयोग करून बघितला, तुकडे काही मिळाले नाहीत. एनटीपीमध्ये उंदरांना दिवसाला 9 तास, दोन वर्षं, अख्ख्या अंगावर किलोला 1.5 ते 6 वॉट दिलेत, आपल्यासारख्यांना अख्ख्या अंगासाठीची मर्यादा 0.08 आहे. त्यात गंमत म्हणजे लहरी खाल्लेले नर उंदीर न खाल्लेल्यांपेक्षा जास्त जगले. आणि ते 2जी-3जीचं होतं, वायफाय त्यात नव्हतंच. माणसांचं म्हणाल तर डब्ल्यूएचओने करून घेतलेल्या 2024 च्या आढाव्यात 63 अभ्यास तपासले, मोबाईल आणि मेंदूच्या कॅन्सरचा संबंध दिसला नाही. त्या 2बी गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कसुद्धा आहे. चुलीचा धूर त्याच्या वर, 2ए मध्ये. आणि सुपारी? पहिल्या गटात, म्हणजे कॅन्सर होतो हे नक्की, तंबाखूच्या मांडीला मांडी लावून. अडकित्ता कोणाच्या हातात होता म्हणालात?

देवगडचो_झील:
😂😂 आमच्याकडे मोहोर गळलो की टॉवर, तुडतुडो पडलो की टॉवर, अवेळी पाऊस इलो तरी टॉवर. अरे टॉवर नव्हतो तेव्हाय हापूस एक वर्ष आड धरायचो, आजो सांगायचो. लॉकडाऊनात पोरां सड्यार छत्री घेवन ऑनलाईन शाळा शिकत होती, तेव्हा हेच लोक टॉवर व्हयो म्हणान बोंबलत होते. तू सही करू नको.

परिचारिका_रत्नागिरी:
लेबर वॉर्डमध्ये बरीच वर्षं काढली आहेत म्हणून सांगते, राऊटरचं सोडा, वहिनींचा फोन कुठे असतो ते बघा. उशीखाली असणार. चिऱ्याच्या जाड भिंती, माजघरात एकच कांडी रेंज, मग फोन टॉवरला हाक मारायला आवाज चढवतो, 2जी फोन तर 2 वॉटपर्यंत जातो. टॉवर जवळ आला की तोच फोन हळू बोलतो. म्हणजे सगळ्यात जास्त लहरी अंगाला लागतात त्या लांबच्या टॉवरमुळे, हे लोकांना उलटं वाटतं. आणि ते रेडिएशन अडवणारे स्टिकर घेऊ नका हां, सिग्नल अडला तर फोन अजूनच जोर लावणार. गरोदरपणात जपायचं ते मिश्री, चुलीचा धूर, डॉक्टरांना न सांगता काढलेला एक्स-रे. सोनोग्राफीला घाबरू नका म्हणावं, तो नुसता आवाज असतो.

टिटवी_77:
हे फोनचं पटलं. पण टॉवरची मापं वेळच्या वेळी घेतात का हो? कागदावर मर्यादा काय कोणीही लिहील.

मास्तर_चिपळूण:
ही शंका मात्र योग्य. 2012 मध्ये आपल्याकडे टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मापाच्या दहाव्या हिश्श्यावर आणली, 900 मेगाहर्ट्झला चौरस मीटरला 0.45 वॉट. सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर टॉवर शोधता येतो, पैसे भरून मोजणीही मागता येते. ग्रामसभेत विरोधाऐवजी मोजणीचा ठराव मांडा की.

वाडीवाला_गुहागर:
सगळ्यांचे आभार. फोन खरंच उशीखाली होता. *#07# दाबून काकूला फोनचा एसएआरचा (अंगात किलोमागे किती वॉट लहरी मुरतात त्याचा) आकडा दाखवला, 1.6 च्या मर्यादेखाली आहे म्हटलं, तिने चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाली बरं, पण पडवीत नेऊन टाक ते राऊटरचं यंत्र. नेलं. कॉल आता पडवीतूनच घेतो, डास खातात पण लाईन तुटत नाही. सुपारीचं घरात अजून बोललो नाही, वर्षाचा खर्च तिच्यावरच निघतो.