प्रतिसाद: खार्किव शहर आणि खार्किव रायोन

एकाने विचारलं आहे की युक्रेनमधलं खार्किव शहर आणि खार्किव रायोन एकच ना? आज शहर रायोनातच आहे, पण 2020 पर्यंत नव्हतं. रायोन म्हणजे साधारण आपला तालुका. तेव्हा त्याची कचेरी खार्किवमध्ये, पण शहर स्वतः हद्दीबाहेर. रायोन म्हणजे भोवतालची गावं आणि मेरेफासारखी छोटी शहरं. जुलै 2020 मध्ये देशातल्या 490 रायोनांची 136 केली, त्यात शहर आत आलं आणि शेजारचं देर्हाची रायोनही यात मिसळलं.

पण माझ्या मनात हा भाग कोरला गेला तो रशिया-युक्रेन युद्धात, 2 मार्च 2022 ला. भारतीय दूतावासाने खार्किवमधल्या विद्यार्थ्यांना सांगितलं, संध्याकाळी सहाच्या आत शहर सोडा, गाडी मिळाली नाही तर पायी निघा, आणि पेसोचिन, बाबाये किंवा बेझ्लुदिव्का गाठा. ही तिन्ही ठिकाणं याच रायोनातली, अकरा ते सोळा किलोमीटरवर. थंडीत, पाठीवर सॅक घेऊन, स्फोटांचे आवाज ऐकत पोरं चालत गेली. बेझ्लुदिव्का या नावातच 'माणसं नसलेली जागा' असा अर्थ आहे. तिकडे पोरांना धाडायचं म्हणजे घरच्यांच्या जिवाची काय घालमेल झाली असेल!

आणि सगळीकडचं रायोन तेव्हा सुरक्षित नव्हतं बरं का. ईशान्येचं त्सिर्कुनी मे 2022 पर्यंत रशियन सैन्याच्या ताब्यात होतं. म्हणून पोरांना पश्चिमेला आणि दक्षिणेला पाठवलं.