घरांचं वायरिंग येतं, आता स्टेजच्या लाइटला जायचंय. आधी काय शिकू?

नवा_वायरमन

आठ वर्षं घरं आणि दुकानांचं वायरिंग करतोय. गेल्या महिन्यात ओळखीच्या एका लाइटवाल्याकडे माणूस कमी पडला म्हणून दोन शोला गेलो. पहिल्या दिवशी नुसत्या केबल ओढल्या, दुसऱ्या दिवशी त्याने मला मेन डीबीपाशी (वीज वाटणाऱ्या मुख्य पेटीपाशी) उभं केलं. काम आवडलं. पण खरं सांगतो, धाकधूकही झाली. भिंतीत पाइप टाकून वायर ओढली की ती वीस वर्षं हलत नाही. इथे दुपारी जोडलेलं रात्री दोनला सोडायचं, तेही अंधारात, लोक पायाखालून केबल तुडवत असताना.

दोन प्रश्न आहेत. मला जे येतं त्यातलं इथे काय चालतं आणि नव्याने काय शिकावं लागेल? दुसरं म्हणजे, त्या शोला साउंडमध्ये हमिंग येत होतं, तर एकाने कीबोर्डच्या प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकली. हमिंग गेलं, सगळे खूश. मी नवा, गप्प बसलो. ते बरोबर होतं का?

जुना_लाइटवाला

दुसऱ्याचं आधी सांगतो, पहिल्याला घाई नाही. ते बरोबर नव्हतं. तू गप्प बसलास तेही नव्हतं, पण त्यावरून बोलत नाही. पहिल्या वर्षी मीही गप्पच बसायचो.

गिटारच्या तारा अँपमधून अर्थिंगला जोडलेल्या असतात, माइकची जाळी मिक्सरमधून. दोन्हीकडचं अर्थिंग शाबूत असेल तर काही होत नाही. एकीकडचं तुटलं आणि त्याच उपकरणात आत कुठे फेज बॉडीला टेकला, की ती बॉडी २३० व्होल्टवर बसून राहते. एमसीबी (करंट फार वाढला की पडणारा ब्रेकर) पडत नाही, कुणाला पत्ता लागत नाही. मग गायक हातात गिटार धरून ओठ माइकला लावतो आणि सर्किट त्याच्या छातीतून पुरं होतं. मे १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सीत स्टोन द क्रोज या बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी शो चालू असताना माइकला हात लावून असाच गेला. अर्थिंग नीट नव्हतं. वय २७.

आता पहिला प्रश्न. लोडचा हिशेब, लग (केबलच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) दाबणं, केबलचा साइज निवडणं हे सगळं तुझं चालतं. १००० वॉटचे १२ पार (स्टेजचे डब्यासारखे लाइट) एका फेजवर टाकले तर ५२ अँपिअर, तिन्ही फेजवर चार-चार वाटले तर प्रत्येकी साडेसतरा, हे तुला तोंडी येत असेल. नवीन शिकायचा तो न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार.

माझी जिरली ती न्यूट्रलनेच. पाच सुट्या केबलींचा फीडर (डीबीला वीज आणणारी मुख्य लाइन) होता. न्यूट्रलचा कनेक्टर बसल्यासारखा दिसला, पण फिरून लॉक झाला नव्हता. साउंडचेक चालू असताना कुणाचा तरी पाय अडकला आणि न्यूट्रल सुटला. न्यूट्रल गेला की तिन्ही फेजवरचं लोड एकमेकांतून वाट काढतं, आणि ज्या फेजवर लोड हलकं त्यावर व्होल्टेज चढतं, थेट ४०० च्या दिशेने. सहा मूव्हिंग हेड (मोटरवर फिरणारे लाइट) फटाफट गेले. तो वास अजून आठवतो. पैसे कापले नाहीत हे नशीब, बोलणी मात्र पोटभर खाल्ली.

तेव्हापासून जोडताना आधी अर्थिंग, मग न्यूट्रल, मग फेज. सोडताना उलट, अर्थिंग सगळ्यात शेवटी. प्रत्येक कनेक्टर हाताने ओढून बघायचा. मग पुढचे सगळे ब्रेकर बंद ठेवून मीटर लावायचा: फेज-न्यूट्रल तीनदा, फेज-फेज तीनदा, न्यूट्रल-अर्थिंग एकदा. २३०, ४०० आणि जवळजवळ शून्य. सात आकडे, दोन मिनिटांचं काम. ते करताना कुणी पाठीमागून "झालं का, झालं का" करत असेल तर करू दे.

न्यूट्रलचंच आणखी एक. तिन्ही फेजवर लोड समान वाटलं की न्यूट्रलमध्ये काही उरत नाही, असं आपण शिकलो. डिमर (लाइटचा उजेड कमी-जास्त करणारं यंत्र) आणि एलईडीचे पॉवर सप्लाय करंट तुकड्यातुकड्यांनी ओढतात. त्यातून १५० हर्ट्झचा जो भाग तयार होतो, तो न्यूट्रलमध्ये एकमेकाला खोडत नाही, त्याची बेरीज होते. फेजपेक्षा गरम न्यूट्रल मी हाताने चाचपलाय (इन्सुलेशनवरून, हसू नका). म्हणून क्लॅम्प मीटर ट्रू आरएमएस (अशा तुटक करंटचाही खरा आकडा दाखवणारा) घे. साधा मीटर अशा करंटला कमी दाखवतो आणि तू निश्चिंत होतोस.

रंगांवर तर अजिबात विसंबू नकोस. जुन्या पद्धतीत फेज लाल-पिवळा-निळा आणि न्यूट्रल काळा. नव्या पद्धतीत फेज तपकिरी-काळा-राखाडी आणि न्यूट्रल निळा. म्हणजे काळा आणि निळा यांनी चक्क जागा बदलल्यात! फिरतीच्या सामानात दोन्ही प्रकारच्या केबल एकाच पेटीत निघतात.

आरसीसीबी (करंट अर्थिंगकडे गळला की पडणारा स्विच) वारंवार पडायला लागला की नवखे लोक तो बायपास करतात. आधी विचार कर. प्रत्येक लाइटच्या फिल्टरमधून थोडं लीकेज अर्थिंगला जातंच. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ च्या पुढे कधीही पडू शकतो. एकावर वीस लाइट लटकवले तर बिघाड नसतानाही तो पडेल. लाइट दोन-तीन आरसीसीबींवर वाटून टाक. तरी पडतच असेल तर एकेक लाइट काढत खरा चोर शोध.

बाकीचं भराभर. उरलेली केबल गुंडाळून ठेवायची नाही. लोडवर वेटोळं आतून तापतं आणि इन्सुलेशन वितळतं. निळा-पांढरा पॉवरकॉन (लाइटला वीज देणारा कनेक्टर) चालू लोडवर ओढायचा नाही, तो त्यासाठी बनलेलाच नाही. वर टांगलेल्या प्रत्येक लाइटला क्लॅम्पशिवाय वेगळी सेफ्टी चेन हवीच.

आवाजवाला

हमिंगचा उपाय मी सांगतो, कारण शिव्या आम्हालाच बसतात. दोन उपकरणांनी दोन वेगळ्या ठिकाणांहून अर्थिंग घेतलं आणि मधे सिग्नलची केबल आली, की एक कडं तयार होतं आणि त्यातून बारीकसा करंट फिरतो. तेच कानाला ऐकू येतं. कडं तोडायचं ते सिग्नलकडून. डीआय बॉक्सवर (वाद्य आणि मिक्सर यांच्या मधे लावायची डबी) ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, नाहीतर ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. मुळात साउंडचं सगळं, स्टेजवरच्या अँपसकट, एकाच डीबीवरून घ्या, आणि ती डिमरपासून लांब ठेवा. मेनच्या अर्थिंगला हात नाही लावायचा.

नवा_वायरमन

दोघांचेही आभार. जनरेटरवर काय वेगळं असतं? आणि "बंद केलंय" असं कुणी सांगितलं तर हात घालायचा का?

जुना_लाइटवाला

कुणी सांगितलं म्हणून हात घालायचा नाही, आणि निऑनच्या टेस्टरवर तर नाहीच. ब्रेकर स्वतः पाड, कुलूप लाव, किल्ली खिशात. मग मीटर आधी चालू लाइनवर लाव, मग कामाच्या जागी, मग पुन्हा चालू लाइनवर. मधल्या वेळात मीटरच मेला असेल तर तिसऱ्या खेपेला कळतं.

जनरेटरवर पहिलं बघायचं ते न्यूट्रल आणि अर्थिंग जनरेटरपाशी जोडलेत का. नसतील तर बिघाडाच्या करंटला परतीची वाटच नसते. आरसीसीबी शोभेला राहतो. टेस्ट बटण दाबून पाहिलंस तर तो पडेलही, कारण ते बटण फेज आणि न्यूट्रलच्या आतल्या आत काम करतं. त्यावर फसू नकोस. जोड एकाच ठिकाणी हवा, दोन ठिकाणी नको. मेन आणि जनरेटर यांच्यात चेंजओव्हर स्विच, दोन्ही एका वेळी चालू होऊच शकणार नाहीत असा.

थिएटरची_बाई

वरचं सगळं खरं, पण तुम्ही मैदानातले लोक कापड विसरता. माझी वीस वर्षं पडद्यामागे गेली. १९०३ च्या डिसेंबरात शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरमध्ये आर्क लाइटची ठिणगी पडद्याच्या कापडाला लागली आणि ६०० हून जास्त माणसं गेली. एलईडी थंड असतात म्हणून लोक निर्धास्त झालेत, पण हॅलोजनचे स्पॉट अजून लटकतात आणि तालमीत कुणीतरी पडदा चार बोटं सरकवतोच. पडदा हलला की मी शिडीवर चढून अंतर बघते. लोकांना ते खूळ वाटतं, वाटू दे. पॅनेलपाशी सीओटूचा सिलिंडर, पाण्याचा नाही. आणि कुणाला शॉक लागला तर त्याला ओढायला धावू नका. आधी मेन पाडा, मग श्वास चालत नसेल तर सीपीआर (छाती दाबणं). मेन कुठे आहे हे नुसतं तुम्हाला नाही, विंगेतल्या पोरालाही माहीत हवं.

जुना_लाइटवाला

ताई, कापडाचं मान्य. नवा_वायरमन, ती पिन काढलेली प्लग आता कुठे आहे?

नवा_वायरमन

कीबोर्डवाल्याच्या बॅगेतच असेल. उद्या त्यांचा दुसरीकडे शो आहे. आत्ता फोन लावतो.